दाण्याच्या आतली ओल

अप्पा भाताची ओल दातांनी मोजत. हे मी जिथे जिथे सांगितलं तिथे लोक हसले, आणि हसणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

माझे वडील, म्हणजे अप्पा, तंजावूर जिल्ह्यातल्या सरकारी भात-खरेदी केंद्रांवर पारखी होते. सुगीत शेतकरी पोती घेऊन येत, अंगणात ढीग ओतत. अप्पा प्रत्येक ढिगात कोपरापर्यंत हात घालत, तळचे चार दाणे काढत आणि त्यातला एक दाढेखाली धरत. कट्ट आवाज आला की भात कोरडं. आवाज दबला, दाणा चेपला, की ओलं. ओलं भात सरकार घेत नसे, कारण ते गोदामात थप्पीला लागलं की आतून तापतं, काळं पडतं, बुरशी धरतं. म्हणून ज्याचं भात ओलं ठरलं त्याने ते परत न्यायचं, पुन्हा वाळवायचं आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. एका कुटुंबाची सगळ्या हंगामाची मेहनत अप्पांच्या खालच्या उजव्या दाढेवर ठरे. ती दाढ विकत घ्यायला बरेच जण आले. अप्पांनी ती विकली नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यांना पहिल्यांदा विचारलं की ओलं आहे ते समजलं, पण किती ओलं? ते म्हणाले, ओलें म्हणजे ओलें. या उत्तराचा मला इतका राग आला की तो पुढे कित्येक वर्षं पुरला. ज्वर किती आहे हे थर्मामीटर सांगतो, दूध किती आहे हे माप सांगतं, मग भाताच्या ओलीलाच आकडा का नाही? घरात कुणालाच हा प्रश्न पडलेला नव्हता. मुलीला तो पडू नये अशीही एक इच्छा होतीच.

अम्मा उन्हाळ्यात गच्चीवर वडां, म्हणजे सांडगे, घालायची. वडां ओली असताना ताट जड लागे आणि वाळली की तेच ताट एका हाताने उचलता येई. म्हणजे जे वजन गेलं ते पाणी, हे मला कुणी शिकवलं नाही. अप्पांच्या शर्टाच्या खिशात कायम दाणे असत. धुताना अम्मा त्यावरून बडबडायची. ते दाणे मी पळवायला लागले. शेजारच्या गल्लीत एक सोनार होता, अप्पांच्या ओळखीचा. दुपारी त्याचं दुकान रिकामं असे. त्याच्या काट्यावर मी दाणे तोलायची, घरी लोखंडी तव्यावर मंद आचेवर सुकवायची आणि परत नेऊन तोलायची. सोनार म्हणे, एवढ्या काळजीनें तर लोक सोनेंही आणत नाहींत. एका वहीत मी एका बाजूला अप्पांचा निकाल लिहायची आणि दुसऱ्या बाजूला माझा आकडा.

हंगाम संपल्यावर मी ती वही अप्पांसमोर ठेवली आणि बोट ठेवून दाखवलं की तुमची दाढ या आकड्यापाशी फिरते. याच्या खाली सगळं कोरडं, याच्या वर सगळं ओलं. त्यांनी पानं उलटली, सोनाराचा काटा बरोबर आहे का एवढं विचारलं, आणि वही परत दिली. शाबासकी नाही, काही नाही. पुढच्या हंगामात मात्र ते दाणे वेगवेगळ्या कागदी पुड्यांत आणायला लागले आणि प्रत्येक पुडीवर निकाल लिहिलेला असे. हीच त्यांची शाबासकी होती, हे समजायला मला फार वर्षं लागली. तेव्हा मी फक्त रुसले होते.

आमचे लोक राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत तीनेकशे वर्षं राहतायत. तमिळ लोक आम्हाला रायर म्हणतात. घरात मराठी, दारात तमिळ, ऑफिसात इंग्रजी. राजवाडा गेला, राजे गेले, पण आपण लेखणी चालवणारी माणसं हा ताठा काही गेला नाही. मास्तर, कारकून, बँकेत कॅशियर, फार तर वकील. हातात पकड आणि पेचकस धरणं हे आपलं काम नव्हे, आणि मुलीचं तर नव्हेच. मी बी.कॉम. करावं, बँकेची परीक्षा द्यावी, आणि तोवर त्रिचीचं नाहीतर कुंभकोणमचं एखादं चांगलं स्थळ आलं तर परीक्षाही देऊ नये, असा बेत होता. मी पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्सचा फॉर्म भरला. सही अप्पांची लागत होती. त्यांनी तो पूर्ण वाचला, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत, आणि सही केली. अप्पांचे थोरले भाऊ, आमचे थोरले काका, त्या आठवड्यात तीनदा घरी आले आणि तिन्ही वेळा माझ्यासमोर मी तिथे नाही असं धरून बोलले. अम्मा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने डबा भरून दिला.

हे मी देवनागरीत लिहितेय याचंही आमच्याकडे नवल वाटेल. आमच्यातल्या फार थोड्यांना ही लिपी येते. आम्ही मराठी बोलतो ती कानावरची. पुढे यंत्रं घेऊन महाराष्ट्रात कोकणात जावं लागलं तेव्हा माझी जुन्या वळणाची मराठी ऐकून तिथल्या गिरणीवाल्यांना हसू फुटायचं. एकाने तर विचारलं, बाई, तुम्ही कीर्तन करता का? मी म्हटलं, नाही, यंत्र विकते, घेणार का? त्याने घेतलं. त्यानंतर चाळिशीत मी पहिलीच्या पुस्तकावरून ही अक्षरं गिरवली. या गोष्टीतली सगळी भांडणं आमच्या घरात मराठीतच झाली, म्हणून ती मराठीतच लिहिणं मला बरं वाटतं.

डिप्लोमा झाला तेव्हा देशाची दारं उघडल्याची चर्चा वर्तमानपत्रांत रोज होती. आमच्या गावात ती दारं रंगीत टीव्हीच्या खोक्यांच्या रूपाने उघडली. घराघरांत टीव्ही आले, केबलच्या तारा गच्च्यांवरून धावल्या, आणि वीज मात्र जुनीच राहिली, संध्याकाळी मिणमिणणारी. त्यामुळे स्टॅबिलायझरला मरण नव्हतं. बस स्टँडजवळ स्टॅबिलायझर बनवणारं एक दुकान होतं. त्याच्या तमिळ मालकाने मला कामावर ठेवलं, कारण माझं तारेचं वाइंडिंग त्याच्या दोन्ही माणसांपेक्षा सरळ येत होतं. दुसरं काही त्याने विचारलं नाही, आणि यासाठी मी त्याला जन्मभर दुवा देईन. आमच्या गल्लीतले लोक तिथून जाताना मला बघितलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जात. मी माझं स्टूल दाराच्या आणखी जवळ आणून ठेवलं.

काम संपल्यावर बाक माझा. तिथे मी माझं यंत्र बांधायला घेतलं. त्यातली कल्पना माझी नव्हती, ती जगाला ठाऊक होती: ओल्या वस्तूतून वीज जास्त जाते, कोरडीतून कमी. असली परदेशी यंत्रं अस्तित्वात होती. एक तर खात्याच्या मुख्य कचेरीत काचेच्या कपाटात कुलूपबंद होतं. त्याला भिंतीतली वीज लागे, आणि केंद्रं तर उघड्या माळावर. शेतकऱ्याने ते कधी पाहिलेलंही नव्हतं. मला टॉर्चच्या सेलवर चालणारं, पिशवीत मावणारं हवं होतं, ज्याची तबकडी विकणारा आणि घेणारा दोघांनाही एकाच वेळी दिसेल. ढिगात खुपसायला दोन पोलादी सुया, एक छोटं सर्किट, आणि आकड्यांची तबकडी. आकडे बसवण्यासाठी मी अम्माला गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत, भात पसरायला लावलं आणि ते वाळत जाईल तसतसे सुईचे आकडे लिहीत गेले. प्रत्येक वेळी यंत्र बरोबर आलं. मी बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

अप्पांनी ते पाहिलं, सुया हातात घेतल्या, आणि म्हणाले की अजून केंद्रावर नेऊं नको, रस्त्यावरचें भात तूं पाहिलेलें नाहींस. मला वाटलं, दाढेची भाकरी जाईल म्हणून घाबरतायत. असं वाटलं हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

कुरुवैचं पीक निघालं. आमच्याकडे हे पीक ऑक्टोबरातल्या आमच्या पावसाच्या ऐन तोंडावर येतं, त्यामुळे वाळवायची सगळ्यांना घाई. अप्पा तेव्हा तिरुवैयारूच्या बाजूच्या एका केंद्रावर होते. मी त्यांना न विचारता टाउन बसने यंत्र घेऊन तिथे गेले. नेमके त्याच दिवशी खात्याचे साहेब पाहणीला आलेले. साहेब नवे होते, तरुण होते, आणि ‘आधुनिक’ हा शब्द त्यांच्या तोंडात विड्यासारखा सतत असे. समोर एक ढीग होता. अप्पांनी दाणा चावला आणि ओलं म्हणून मान हलवली. मी सुया खुपसल्या. काटा कोरड्यावर जाऊन थांबला.

साहेब खूश झाले. रायर, तुमच्या मुलीने तुमची दाढ पाडली, असं म्हणून हसले, आणि आजपासून इथे या यंत्राने घ्या असं तोंडी सांगून जीपमध्ये बसले. शेतकरीही खूश. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी वेळ होती. पण मला दिसला तो फक्त माझा काटा. अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पावतीपुस्तक उघडलं. तीन दिवस मी तिथे सुया खुपसत होते आणि ते पावत्यांवर सह्या करत होते. इतक्या आनंदात मी त्याआधी कधी नव्हते.

तीन आठवड्यांनी गोदामातून वास यायला लागला. त्या तीन दिवसांचं भात तापलं होतं. पावत्यांवर सही अप्पांची. साहेबांचा हुकूम तोंडी, आणि तोंडी हुकमाला कागद नसतो. साहेबांनी लिहून दिलं की ते फक्त नेहमीच्या पाहणीला गेले होते. अप्पा निलंबित झाले. चौतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि गावभर झालं की रायर ओलं भात खाऊन बसले.

घरात मला कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते. दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, चल. आम्ही सायकलवरून गोदामाकडे गेलो. तिथला रखवालदार जुना ओळखीचा होता. अप्पांनी माझा हात मनगटाला धरून एका पोत्यात घातला. आत इतकं गरम होतं की मी हात मागे ओढला, पण त्यांनी तो सोडला नाही. थोडा वेळ तसाच ठेवला, मग सोडला.

परतताना ते मला वेगळ्या वाटेने घेऊन आले. तिथे डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर मैलभर भात पसरलेलं होतं. आमच्या भागात सगळे असंच वाळवतात: डांबर तापलेलं असतं, वरून बस, लॉऱ्या जातात, आणि एका दुपारी भात खडखडीत वाजायला लागतं. राजवाड्याच्या गल्लीत वाढलेल्या मला हे माहीत नव्हतं असं नाही, मी ते रोज बसमधून पाहत होते. पण माझं भात मी गच्चीच्या सावलीत वाळवलं, कारण तिथे अम्मा होती आणि पाखरं हाकायला सोपं होतं. अप्पांनी रस्त्यावरचा एक दाणा उचलला, नखाने फोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. साल तव्यावर भाजल्यासारखं कडक होतं. आतला तांदूळ मऊ, जवळजवळ दुधाळ.

“तूं सालाला विचारलेंस,” ते म्हणाले. “दाण्याला विचारलेंच नाहींस.”

इतकंच. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडले. अपमानाने नव्हे; ते बरोबर होते आणि मला आधीच सांगून चुकले होते म्हणून. रडून झाल्यावर मला दिसलं की उत्तर त्यांच्या तोंडातच होतं. दाढ दाणा फोडते, म्हणून तिला आतलं कळतं. माझ्या सुया साल शिवून परत येत होत्या. म्हणजे यंत्रालाही आधी दाणा फोडावा लागणार.

आमच्या घरात शेवया पाडायचा पितळी साचा होता, स्क्रू फिरवून दाबायचा, अम्माच्या लग्नातला. मी तो उचलला. अम्माने विचारलं, साचा परत मिळेल कीं नाहीं? मी म्हटलं, मिळेल. तो आजतागायत मिळालेला नाही. जाळीच्या जागी पोलादी चकती, मध्ये वीज अडवणारं बेकलाइट, म्हणजे वीज पितळेतून न जाता फक्त दाण्यांच्या चुऱ्यातून जाईल. ठरलेला एक चमचा दाणे, ठरलेले फेरे, दाबा, चुरडा, मग काटा वाचा. दिसायला ते यंत्र भयंकर होतं. पण ते दाण्याला विचारत होतं.

निलंबित माणसाला वेळच वेळ असतो. अप्पा रोज सायकलवर निघत आणि रस्त्यावरचं, खळ्यावरचं, बांधावरचं, पावसात भिजून पुन्हा वाळलेलं असं सगळ्या तऱ्हेचं भात पुड्यांत घेऊन येत. आधी दाढ, मग यंत्र, मग पॉलिटेक्निकच्या माझ्या जुन्या मास्तरांच्या प्रयोगशाळेतली दाणे सुकवून तोलायची भट्टी. तिन्हींचे आकडे एका ओळीत. एका आठवड्यात दाढ आणि यंत्र यांचं पाच वेळा बिनसलं, आणि पाचही वेळा भट्टीने यंत्राची बाजू घेतली. मग एका संध्याकाळी अप्पा दंतवैद्याकडे जाऊन आले आणि दाढेला भेग गेल्याचं त्यांनी मला असं सांगितलं, जणू कचेरीत एखादा सहकारी वारला होता. मी हसले. मग तेही हसले, त्या घरात कित्येक आठवड्यांनी.

सांब्याचं, म्हणजे थंडीच्या शेवटचं, पीक येईपर्यंत यंत्र पक्कं झालं. स्टॅबिलायझरवाल्या मालकाने दुकानामागची खोली मला दिली. गल्लीतल्या दोन मुली, दोघी बारावी झालेल्या आणि घरी बसवलेल्या, माझ्याकडे यायला लागल्या. एका भातगिरणीने पहिली दोन यंत्रं घेतली. आणि मग साहेबांचा निरोप आला, थोरल्या काकांच्या हाती.

निरोप गोड होता. साहेबांना प्रकरण मिटवायचं होतं, कारण चौकशी वाढली तर त्यांचा तोंडी हुकूमही वर आला असता. मार्ग त्यांनीच काढला होता. अप्पांनी लिहून द्यायचं की हे यंत्र त्यांनी स्वतः, खात्याचे नोकर म्हणून, खात्यासाठी बनवलं. ते तीन दिवस म्हणजे त्याचा प्रयोग होता, आणि प्रयोगात नुकसान व्हायचंच. खातं ते मान्य करेल, सुधारलेलं यंत्र आपल्या नावावर घेईल, आणि अप्पा मानाने कामावर परत येतील. पूर्ण पेन्शन. वर एक सत्कारही. फक्त मुलीने एक कागद द्यायचा की यंत्रावर तिचा हक्क नाही, तिने वडिलांना हाताखाली मदत केली.

मी नाही म्हटलं.

मला माहीत आहे, इथे वाचणाऱ्याला वाटेल की मी रात्रंदिवस तळमळले. नाही. मला वाईट वाटत होतं, पण नाही ते नाहीच. चूक झाली तेव्हा ती माझी होती, आणि बरोबर आलं की बापाचं? थोरले काका म्हणाले, बापाचें नांव लागलें तर तुझें काय गेलें, लग्न झालें कीं तुझें नांव तसेंही बदलणार. अम्मा म्हणाली, त्यांचें नांव आणि तुझें नांव काय वेगळें आहे? मी म्हटलं, वेगळें आहे. आत्या, मामी, समोरच्या घरातल्या आजी, सगळ्यांनी आपापली पाळी घेतली. इतकी वर्षं ज्यांनी माझ्या पकडीकडे पाहून रस्ता ओलांडला, ते आता त्याच पकडीने बनवलेली वस्तू अप्पांच्या नावावर लागावी म्हणून घसा कोरडा करत होते. एकट्या अप्पांनी मला काहीच विचारलं नाही. ते पुड्या आणत राहिले. त्यांनी मागितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. मला वाटतं, तरीही मी नाहीच म्हटलं असतं. तशी मी आहे.

ठरलेल्या दिवशी आम्ही दोघं बसने जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. काका आधीच येऊन बसले होते. साहेबांच्या टेबलावर दोन कागद टाइप करून तयार होते, एक अप्पांचा, एक माझा. साहेब फार नम्रपणे बोलले. अप्पांचा कागद त्यांनी मोठ्याने वाचला: हे यंत्र मी तयार केले, माझ्या कल्पनेने व माझ्या हाताने. मग त्यांनी स्वतःचं पेन उघडून पुढे केलं.

अप्पांनी ते घेतलं नाही. खिशातलं स्वतःचं काढलं. कागद पुढे ओढला, पूर्ण वाचला, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत, आणि ‘माझ्या हाताने’ या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, झालं, आता सही होणार. मी स्वतःला शब्द दिला होता की त्यांनी सही केली तरी मी करणार नाही. म्हणजे मी त्यांना सर्वांसमोर खोटं पाडणार होते.

त्यांनी माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, आमच्या मराठीत विचारलं, “हें तूं केलेंस कीं मीं केलें?”

काकांनी माझ्याकडे डोळे वटारले. साहेबांना मराठी येत नव्हती, पण काय चाललंय ते त्यांना कळत होतं.

“मीं केलें, अप्पा,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, पेनाला टोपण लावलं आणि साहेबांना तमिळमध्ये सांगितलं की यात लिहिलंय ते खरं नाही, म्हणून सही करता येत नाही. चौतीस वर्षं मी ओल्याला कोरडं लिहिलेलं नाही, तीन दिवस लिहिलं ते तुमच्या हुकमावरून, तेवढं पुरे. मग त्यांनी एक कोरा कागद मागितला. त्यावर चार ओळी लिहिल्या: भात ओलं असल्याचं मी सांगितलं होतं. यंत्राने घेण्याचा हुकूम साहेबांचा होता. यंत्र माझ्या मुलीचं आहे, त्यातली चूक तिची होती, आणि ती सुधारलीही तिनेच. सही केली, तारीख घातली, आणि उठले.

त्याचं जे व्हायचं तेच झालं. अप्पांना सक्तीने निवृत्त केलं, पेन्शन कापली. साहेबांची बदली झाली, ती बढतीवर. काकांनी आमच्याकडचं पाणी सोडलं. आज माझ्या कारखान्यात कामाला आहेत त्या बहुतेक बायका आहेत, आणि आमची यंत्रं कुठे कुठे जातात ते मी सांगत बसत नाही. मला सभांमध्ये बोलावतात, मुलींना प्रेरणा द्या म्हणतात. मी प्रेरणा देत नाही. मी त्यांना हे सांगते की तुमच्या कामावर दुसऱ्याचं नाव घालायला फार प्रेमळ माणसं येतील, आणि नाही म्हटल्यावर किंमत तुम्ही एकट्या देणार नाही. ज्याच्याकडून ती वसूल होईल त्याचा चेहरा आधी नीट पाहून घ्या आणि तरीही नाही म्हणा. टाळ्या कमी पडतात.

कागद नाकारला त्या दिवशी मात्र कचेरीच्या पायऱ्या उतरताना मी अप्पांच्या एक पायरी मागे राहिले. आता बाहेर गेल्यावर ते माझ्यावर फुटतील असं वाटत होतं, आणि ते फुटले असते तर मी ऐकून घेतलं असतं. समोर कॉफीची टपरी होती. अप्पांनी दोन कॉफी सांगितल्या. आपली कॉफी त्यांनी सावकाश, ग्लास आणि वाटीमध्ये उंचावरून ओतत निवू दिली, अर्धी प्यायली, आणि रस्त्याकडे पाहत म्हणाले, “मग उद्यां कामावर किती वाजतां यायचें?”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी हा प्रश्न मुलीला विचारलेला नव्हता, हेही मला कळलं. म्हणून मी त्याचं उत्तर मुलीसारखं दिलं नाही.

“साडेआठला,” मी म्हणाले. “उशीर चालत नाहीं.”

ते सव्वाआठला आले, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून. दोन्ही मुली बाकावर बसून जोडणीला लागल्या होत्या. मी टेबलामागे होते. मी त्यांना दिवसाचं काम सांगितलं, कोणती यंत्रं तपासायची, निकाल कोणत्या वहीत लिहायचे. ऐकून झालं तरी ते तिथेच उभे. रिकामी खुर्ची त्यांच्या हातालाच लागून होती. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की ते चौतीस वर्षं साहेबांसमोर जसे उभे राहत, तसेच उभे आहेत. साहेबांनी सांगितल्याशिवाय ते कधी बसले नव्हते. दोन्ही मुली हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

“बसा,” मी म्हटलं. मग अप्पा बसले.